आधी वारा विचारा

मंडळी, घोडे पाळायचे आणि पाहुणेही ठेवायचे म्हणून जागा बघायला निघालात, की जमीन दाखवायला नेणारा एजंट तुम्हाला डोंगर दाखवतो, नदी दाखवतो, मावळता सूर्य तर हमखास दाखवतो. तुम्ही त्याला एवढंच विचारा, की पावसाळ्यात वारा कुठून येतो? आमच्या भीमेच्या खोऱ्यात तो पश्चिमेकडून येतो. म्हणजे तबेला पूर्वेच्या अंगाला आणि पाहुण्यांच्या खोल्या पश्चिमेला हव्यात. मी नेमकं उलटं केलं. पहिल्याच पावसाळ्यात पाहुणे एका हाताने माश्या वारत पोहे खात होते. खोल्या पक्क्या, तबेला पत्र्याचा, तबेलाच हलवला.

एक घोडा दिवसाला 15 ते 20 किलो लीद टाकतो. माझ्याकडे 6 आहेत, म्हणजे रोजची क्विंटलभर, खोल्या भरलेल्या असोत की रिकाम्या. खताचा खड्डा कुठे, हे ठरल्याशिवाय खोल्यांचा नकाशा काढूच नका. (आणि सातबारा नावावर नसेल तर आधी वकील गाठा. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं.)

घोडे कुठले घ्यावेत? दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात गेलात की मारवाडी घोड्यावर जीव जडतोच. पण पाहुण्यांना बसवायला माझी पसंती भीमथडीला. बुटका, काटक, दगडाधोंड्यांतून पाय बरोबर टाकणारा. धनगरांची बिऱ्हाडं पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या पाठीवरून फिरली. सरकारदरबारी त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद मात्र 2023 साली झाली!

आता पाहुण्यांच्या खोल्या तबेल्यापासून वेगळ्या कशाला, ते सांगतो. सुरुवातीला दोन्हींचं अंगण एकच होतं. एका रात्री पाहुण्यांच्या पोरांनी उरलेले पाव आमच्या घोडीला चारले. किती, ते त्यांनाही सांगता येईना. घोड्याला उलटी होत नाही. घशाखाली गेलं ते पुढेच सरकायला हवं. रात्री दोनला घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने मला उठवलं. घोडी पुन्हा पुन्हा मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती, पुढचा पाय जमिनीवर खरडत होती. पोटशूळ. डॉक्टर तालुक्याहून यायचे होते. तोवर ती लोळायला बघायची आणि आम्ही दोघं आळीपाळीने तिला लगाम धरून फिरवत होतो. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घातली. तांबडं फुटताना तिने लीद टाकली. मोतद्दाराने ती उचलली, बोटांनी फोडून बघितली आणि म्हणाला, “सुटली, दादा.” शेणालीदीला नाक मुरडणारी आमची सौ. त्या सकाळी त्या ढिगापाशी उभी राहून रडली.

आता मधे कुंपण आहे, फाटकाला कुलूप आहे. गाजरं आम्हीच चिरून देतो, माणशी एक. पाहुणे त्या बाजूला निवांत झोपतात. आमची खाट मात्र अजून तबेल्याच्या भिंतीलाच टेकलेली आहे.