कपाटाबाहेरचा संगणक

(दृश्य : जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. कार्यालयातलं लोखंडी कपाट उघडतं. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मॉनिटर.)

महाराष्ट्रातल्या कितीतरी प्राथमिक शाळांत संगणक आहे, आणि तो कपाटात आहे. देणगीदार आले, हार घातला, फोटो निघाला, कुलूप लागलं. लोक म्हणतात, शिक्षकांनाच हौस नाही. पण खरं कारण पुष्कळदा डेडस्टॉक रजिस्टरमध्ये सापडतं. शाळेत आलेली टिकाऊ वस्तू तिथे चढते आणि मुख्याध्यापकांच्या नावावर बसते. बदली झाली की ती मोजून पुढच्याच्या ताब्यात द्यायची. मोडली तर निर्लेखनाचा (नोंदीतून कमी करण्याचा) प्रस्ताव, पाहणी, मंजुरी. पहिलीतल्या पोराच्या हातून काही तुटलं तर एवढं सगळं कोण निस्तरणार? म्हणून यंत्र जपलं जातं, वापरलं जात नाही.

त्यामुळे शाळेला संगणक आणि इंग्रजी वाचन यांत मदत करायची असेल तर यंत्राआधी कागद करा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या : संगणक रोज मुलांच्या हातात राहील आणि वापरताना होणारी मोडतोड शिक्षकांच्या अंगावर येणार नाही. माऊस, कीबोर्ड, हेडफोन हे खडू-डस्टरसारखं खर्ची पडणारं साहित्य म्हणून नोंदवता येईल का, तेही केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना) आधीच विचारून घ्या. वर्षभरात तुटतं ते हेच.

(दृश्य : टेबलावर जुने डेस्कटॉप. एकाचं झाकण काढलेलं.)

आता यंत्रं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या, संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि साधारणपणे आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर त्याला चालत नाही. कार्यालयांतून त्यामुळे चांगली चालती यंत्रं बाहेर पडतात. विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती त्यांच्यावर छान चालते. देणगी घेताना मात्र चार गोष्टी मागायच्या : ६४ बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, एसएसडी (जुन्या हार्डडिस्कऐवजी वेगवान साठवण), आणि सगळी यंत्रं एकाच मॉडेलची. शेवटची अट सर्वांत कामाची. पाच यंत्रं हवी असतील तर सहा घ्या. सहावं सुट्या भागांसाठी राहू द्या. तालुक्याच्या गावी जुन्या मॉडेलचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) मिळत नाही, आणि मागवला तर येईपर्यंत चाचणी परीक्षा उजाडते.

बंद पडलेलं प्रत्येक यंत्र बिघडलेलं नसतं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख मागे जाते, ब्राउझर सुरक्षेची सूचना दाखवून एकही संकेतस्थळ उघडत नाही, आणि सगळे ‘नेट गेलं’ म्हणून मोकळे होतात. सेल पन्नास रुपयांच्या आत येतो. कोकणात श्रावणात दमट हवेने रॅमच्या पट्टीवर गंज धरतो. पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसले की कितीतरी ‘मेलेली’ यंत्रं उठतात. मागच्या मोकळ्या खाचांना पत्रा किंवा जाळी लावा. पाल आत शिरून एसएमपीएसवर गेली तर पालही जाते आणि एसएमपीएसही.

(दृश्य : विजेचा बोर्ड. मल्टिमीटरचे टोक सॉकेटमध्ये.)

संगणकाच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? मुलं मग यंत्राजवळ फिरकत नाहीत. बहुतेक वेळा अर्थिंग तुटलेलं असतं. एसएमपीएसमधले फिल्टरचे कपॅसिटर बाहेरच्या पत्र्यावर साधारण निम्मा विद्युतदाब आणून ठेवतात. अर्थिंग असेल तर तो जमिनीत उतरतो, नसेल तर बोटात. मल्टिमीटर लावा. फेज आणि न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज आणि अर्थ तेवढाच, न्यूट्रल आणि अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तसं नसेल तर वायरमनला बोलवा आणि अर्थिंगचा खड्डा तपासून घ्या. कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात एप्रिल-मेमध्ये पाणी ओतावं लागतं. मराठवाड्यातल्या कोरड्या मुरमात तर नक्कीच.

भारनियमनाचा हिशोब आधीच करा. जुना डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून १०० वॅट धरा. पाच जोड्या म्हणजे ५०० वॅट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नाही आणि इन्व्हर्टरचाही तोटा आहेच, म्हणजे हाती ७०० उरतात. दीड तासाहून कमी. तेच पाच लॅपटॉप ३० वॅटने धरले तर साडेचार तास. लॅपटॉप मिळत असतील तर डेस्कटॉप नाकारा. देणाऱ्याला वाईट वाटलं तरी चालेल.

वीजबिल कुठून भरायचं? समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त शाळा अनुदान ३०पर्यंत पटसंख्या असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, त्यापुढे १००पर्यंत २५,०००. खडूपासून स्वच्छतेपर्यंत सगळं त्यातच. वर्षाचं बिल उचलायला गावातलं कुणी तयार आहे का, हे यंत्रं येण्याआधी ठरवा.

(दृश्य : एका संगणकासमोर तिघं. एकाच्या हातात पाटी.)

एका यंत्रावर तीन मुलं चालतात, चौथं बघ्या होतं. एक टंकतं, दुसरं मोठ्याने वाचतं, तिसरं पाटीवर लिहितं. सात मिनिटांनी जागा बदलायची. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत शिक्षक दोनच, त्यामुळे एक गट यंत्रावर असताना बाकीच्यांना शिक्षकाविना होईल असं लेखनकाम द्यावं लागतं. जीकॉम्प्री (मुलांचे शैक्षणिक खेळ) आणि कोलिब्री (धड्यांचं ग्रंथालय) ही दोन्ही सॉफ्टवेअर नेटशिवाय चालतात. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं दीक्षा या सरकारी ॲपवरचं साहित्य रेंज असेल तिथे आधी उतरवून आणा.

एक बारीक अडचण पहिल्याच दिवशी येते. कीबोर्डवर इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीतली, पुस्तकात आणि पडद्यावर छोटी. छोटा ‘जी’ शिकलेलं मूल कीबोर्डवर तो शोधत बसतं. छोट्या अक्षरांचे स्टिकर छापून वर पारदर्शक टेप लावा.

(दृश्य : फळ्यासमोर शिक्षिका. मुलं तोंडाने आवाज काढतात.)

यंत्र चालू झालं तरी इंग्रजी वाचन अडतंच. महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आहे, २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून. तरी चौथीचं मूल ‘सी ए टी कॅट’ घोकतं आणि नवा शब्द आला की थांबतं. थांबणारच. सी, ए, टी ही अक्षरांची नावं आहेत. ती कितीही भराभर म्हटली तरी त्यातून कॅट निघत नाही. नावं बाजूला ठेवून आवाज शिकवावे लागतात. सुरुवातीला सहाच अक्षरं घ्या : एस, ए, टी, पी, आय, एन. एवढ्यांतून सॅट, टॅप, पिन, टिन, नॅप, स्पिन असे भरपूर शब्द होतात.

मराठी मुलाकडे इथे एक भांडवल आहे, बाराखडी. प ला वेलांटी दिली की पि होतो, हे त्याला ठाऊक आहे. पण तिथेच खड्डाही आहे. आपलं ‘प’ म्हणजे प् अधिक अ. पी पाहून मूल ‘प’ म्हणतं, मग पिनचं ‘पइन’ होतं. पाय मोडलेला प् म्हणायला शिकवा : ओठ मिटून नुसते सोडायचे, मागे अ येऊ द्यायचा नाही. हे शिक्षकांनाही सरावाने जमतं, आणि खरं प्रशिक्षण याचंच हवं, पॉवरपॉइंटचं नव्हे.

इंग्रजी शब्दाखाली देवनागरी लिहायची सवय शिक्षकांच्या वहीत ठीक, फळ्यावर नको. मूल खालचंच वाचतं. संगणकातला यांत्रिक आवाजही उच्चाराचा नमुना म्हणून वापरू नका. स्वच्छ उच्चाराच्या माणसाकडून दहा-दहा शब्द मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या.

सलग पाच दिवसांचं शिबिर महिन्याभरात विसरलं जातं. त्यापेक्षा केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत दर महिन्याला दोन तास मागा : एक ध्वनिगट शिका, महिनाभर वर्गात वापरा, पुढच्या वेळी अडलेलं घेऊन या. प्रत्येक शाळेतून दोघांना शिकवा, कारण बदली एकाची तर होतेच.

(दृश्य : शिक्षिका एकेका मुलाला चिठ्ठी दाखवते.)

सुट्टी लागण्याआधी दोन कामं. इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण चार्ज करून तिच्यात डिस्टिल्ड वॉटर भरा आणि वायर सोडवून ठेवा. नाहीतर जूनमध्ये ती उठत नाही. आणि प्रत्येक मुलाला एकटं बसवून अर्थ नसलेले दहा शब्द वाचायला द्या, ‘टॅस’, ‘निस’ असे. पाठ केलेलं इथे कामी येत नाही. ज्यांना पाचही जमले नाहीत, त्यांची नावं रजिस्टरमध्ये लिहून पुढच्या वर्गशिक्षकांकडे द्या. ती मुलं जूनमध्ये पुन्हा पहिल्या सहा अक्षरांपासून, मग वर्ग कोणताही असो.