चाकं खाली होती

मंडळी, ‘विमानाची चाकं उतरत नाहीत’ अशी बातमी आली की पोटात गोळा येतो. आज मी सुरुवात करणार आहे ती दोन अशा विमानांपासून, ज्यांची चाकं व्यवस्थित खाली आलेली होती. तरीही दोन्ही पडली.

पहिलं २९ डिसेंबर १९७२ चं. ईस्टर्न एअर लाइन्सची फ्लाइट ४०१, न्यूयॉर्कहून मायामीला निघालेली. लॉकहीड ट्रायस्टार, काही महिन्यांपूर्वीच ताफ्यात आलेलं कोरं विमान, आत १७६ माणसं. उतरताना चाकं बाहेर काढायचा, म्हणजे लँडिंग गिअरचा, दांडा खाली केला. चाकं बाहेर येऊन पक्की बसली की कॉकपिटमध्ये तीन हिरवे दिवे लागतात. पुढच्या चाकाचा लागला नाही.

कॅप्टननी उतरणं थांबवून विमान २००० फुटांवर नेलं, ऑटोपायलट लावला आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीकडे वळवलं. इथपर्यंत सगळं बरोबर. पुढे काय झालं ते बघा. सहवैमानिकानं त्या दिव्याचं आवरण काढलं, परत बसवताना ते अडकलं. कॅप्टनचं लक्षही त्याच्यातच. फ्लाइट इंजिनिअर कॉकपिटच्या फरशीतल्या झाकणातून खाली उतरला, चाक डोळ्यांनी दिसतंय का ते पाहायला. एवढ्यात कुणाचा तरी दाब स्टिअरिंगच्या दांड्यावर पडला असावा. ऑटोपायलटनं उंची धरून ठेवणं सोडलं आणि विमान अलगद खाली जाऊ लागलं. उंची बदलल्याची सूचना देणारा आवाजही झाला. बाहेर मिट्ट काळोख, दलदलीत एक दिवा नाही, नजरेला अंदाज येणार कसा? मायामीच्या कंट्रोलरला पडद्यावर ९०० फूट दिसले. त्यानं विचारलं, तिकडे कसं काय चाललंय? उंचीचं नाव घेतलं नाही. १०१ माणसं गेली. पुढचं चाक खाली होतं. दिव्यातले बल्ब गेलेले होते.

बल्ब! मी हे जेव्हा जेव्हा सांगतो तेव्हा मला अजून गलबलून येतं.

सहा वर्षांनी, २८ डिसेंबर १९७८ ला, ओरेगनमधलं पोर्टलंड. युनायटेड एअरलाइन्सची फ्लाइट १७३, डीसी-८, १८९ जण. गंजलेला एक दांडा तुटल्यामुळे उजवं चाक धाडकन खाली पडलं, विमान हादरलं आणि त्या धक्क्यात दिव्याचा खटका निकामी झाला. पंखांवर चाकाची स्थिती दाखवणाऱ्या खुणा असतात. त्या चाकं खाली असल्याचं सांगत होत्या. तरी कॅप्टन जवळजवळ तासभर घिरट्या घालत राहिले. माणूस बेफिकीर नव्हता हो. प्रवाशांची नीट तयारी करून घ्यावी, हीच त्यांची काळजी. पण इंधन संपत आलं होतं. अजून पंधरा मिनिटं धरून विमानाच्या वजनाचा हिशोब करा, असं त्यांनी सांगितल्यावर फ्लाइट इंजिनिअर म्हणाला की तेवढं पुरणार नाही, पंधरा मिनिटांत इंधन अगदीच कमी होईल. म्हणाला, पण ठासून म्हणाला नाही. इंजिनं एकामागून एक बंद पडली आणि विमान धावपट्टीच्या काही मैल अलीकडे वस्तीतल्या झाडांवर कोसळलं. दहा जण गेले. त्यांत तो इंजिनिअरही होता.

आता वॉर्सा, १ नोव्हेंबर २०११. लॉट या पोलिश विमान कंपनीचं बोइंग ७६७, नेवार्कहून आलेलं, २३१ जण. इथे चाकं खरोखरच उतरली नाहीत. हायड्रॉलिक तेल गळून गेलं होतं, आणि पर्यायी व्यवस्थेचा सर्किट ब्रेकर बंद असल्याचं नंतर तपासात निघालं. तो बंद का राहिला याचं उत्तर द्यायलाच हवं होतं, ते मी झाकत नाही. पण कॅप्टन तादेउश व्रोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंधन जाळत घिरट्या घातल्या, एफ-१६ लढाऊ विमानांनी जवळून पोट पाहून घेतलं, खाली धावपट्टीवर फेस पसरला गेला. विमान पोटावर घसरत थांबलं. एकालाही इजा नाही.

पोर्टलंडनंतर विमान कंपन्यांनी कॉकपिटमधल्या बोलण्याचंच प्रशिक्षण सुरू केलं, आज ते जगभर सक्तीचं आहे. कनिष्ठानं शंका पुन्हा, मोठ्यानं आणि आकड्यानिशी सांगायची. वरिष्ठानं तिला उत्तर द्यायचं. आणि बिघाडात काय करायचं त्याची यादी उघडण्याआधी एक जण म्हणतो, ‘यू हॅव कंट्रोल.’ दुसऱ्यानं ‘आय हॅव कंट्रोल’ असं उत्तर दिल्याशिवाय पहिला दांड्यावरचा हात काढत नाही. मग दिवा बघायचा.