मन थाऱ्यावर नसतं तेव्हा

(कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. ध्यानावर व्याख्यान ठेवलं की पुण्यात दोन प्रकारचे श्रोते हमखास येतात. काहींनी सगळं करून पाहिलेलं असतं. प्राणायाम झाला, शिबिर झालं, मोबाइलवरचं ॲपही झालं. काहींना घरच्यांनी पाठवलेलं असतं, ‘अहो, जरा जाऊन या, चिडचिड तरी कमी होईल.’ गंमत म्हणजे दोघांची तक्रार एकच असते. ‘डोळे मिटून बसलं की विचार जास्तच येतात. आपल्याला काही हे जमायचं नाही.’ आज मी या एका तक्रारीवरच बोलणार आहे. ती ऐकली की मला वाटतं, या माणसाचं ध्यान व्यवस्थित सुरू झालंय आणि नेमका इथेच तो उठून चाललाय.

समजा, आपण श्वासाकडे लक्ष देऊन बसलात. दोन श्वास बरे जातात. तिसऱ्याला आठवतं, गॅस बंद केला का? केला. सिलिंडर परवाच लावलाय. हल्ली पुरतच नाही, कारण धाकटीकडची मंडळी पंधरा दिवस राहून गेली. आणि परत गेल्यावर साधा पोहोचल्याचा फोन नाही! जावईबापूंचं तर विचारूच नका, साखरपुड्यातच कळायला हवं होतं, त्यांचे वडील जेवणावरून काय बोलले होते... इथवर येईपर्यंत दातावर दात आवळलेले असतात, खांदे कानाला लागलेले असतात आणि व्याह्यांचं ते वाक्य शब्दन्शब्द ऐकू येत असतं. या सगळ्याला लागला असेल अर्धा मिनिट. जावई तिकडे बंगळुरूत निवांत घोरत असतो.

हे डोळे मिटल्यामुळे झालं का? अजिबात नाही. भाजी निवडताना, अंघोळ करताना, पेपर चाळताना हेच चालू असतं. हात कशात तरी गुंतलेले असतात म्हणून पत्ता लागत नाही, इतकंच. बसल्यावर विचार वाढत नाहीत, ते दिसायला लागतात.

आणि हे फक्त आपलंच नाही. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २,२५० लोकांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारलं जायचं, आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का, आणि कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. म्हणजे निम्मा दिवस आपण घरात असूनही नसतो. त्यातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. मन छानशा गोष्टीकडे गेलं, तरी माणूस हातातल्या कामात रमलेला असताना जितका खूश असतो त्याहून जास्त खूश नव्हता. आणि ना चांगल्या ना वाईट अशा किंवा नकोशा गोष्टीकडे गेलं, तर चांगलाच नाखूश होता.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण आपण नुसते पडून असतानाही तो साधारण २० टक्के ऊर्जा खातो. मार्कस रायकल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की आपण काहीच करत नसतो तेव्हा मेंदूचे काही भाग जास्त जोरात चालू असतात आणि काम हातात घेतलं की ते मंदावतात. त्यांना ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ म्हणतात. जुन्या आठवणी, उद्याची काळजी, ‘लोक मला काय म्हणतील’ हा सगळा कारभार बराचसा तिथला. या भटकण्याला मी शिव्या देणार नाही, बरं का. लग्नाची यादी, प्रवासाचा बेत, एखादी कविताही त्यातूनच येते. तक्रार एवढीच की मन गेलंय कुठे, हे आपल्याला उशिरा कळतं. जावयावर रागावून झाल्यावर कळतं.

स्वतःच्या मनासोबत एकटं बसणं किती अवघड जातं, याचा एक किस्सा सांगतो आणि पुढे जातो. टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये माणसांना एका रिकाम्या खोलीत १५ मिनिटं बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही. फक्त एक बटण, जे दाबलं की विजेचा सौम्य झटका बसायचा. तो झटका त्यांना आधी देऊन दाखवला होता आणि ‘हा पुन्हा नको, हवं तर पैसे देतो’ असं ही मंडळी म्हणाली होती. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी बसल्या बसल्या ते बटण दाबलं. (श्रोत्यांत हशा.) हसताय, पण आपल्या सगळ्यांच्या खिशात ते बटण आहे. मागे तिसऱ्या रांगेत आत्ताच कोणीतरी दाबलंय.

आता मुद्द्याचं. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात वेंडी हासेनकॅम्प यांनी ध्यानाचा सराव असलेल्या १४ जणांना एमआरआयच्या यंत्रात झोपवलं आणि सांगितलं, श्वासाकडे लक्ष द्या, आणि मन भटकलंय असं ध्यानात आलं की बटण दाबा. हा अभ्यास २०१२ चा. सराव असलेल्यांचीही मनं भटकत होतीच. पण एकेका दाबण्याच्या आगेमागे चार टप्पे दिसले. मन भटकलेलं असतं, मग ते लक्षात येतं, मग लक्ष तिथून सोडवून श्वासाकडे वळवलं जातं, आणि मग ते थोडा वेळ टिकतं. दर टप्प्याला मेंदूचे वेगवेगळे भाग पुढे येतात. मग पुन्हा पहिला टप्पा. ध्यान म्हणजे यातला फक्त चौथा टप्पा, अशी आपली समजूत असते. मी म्हणतो, दुसरा आणि तिसरा टप्पा हीच खरी कमाई. वीस मिनिटांत मन तीसदा पळालं आणि तीसदा परत आणलं, तर तीसदा सराव झाला. जागच्या जागी गुंगी येऊन गोड बसलेल्या माणसाचा तेवढा झाला असेलच असं नाही.

हे अमेरिकेतून यावं लागलं असंही नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो की मन आवरणं वारा आवरण्याइतकं कठीण आहे. त्यावर ‘छे, सोपं आहे’ असं श्रीकृष्ण म्हणत नाहीत. कठीण आहे हे मान्य करतात आणि मग अभ्यास आणि वैराग्य सांगतात. ज्ञानेश्वर महाराज तर अर्जुनाची तक्रार आणखी रंगवतात. माकड कधी समाधी लावेल का, असं ते त्याच्या तोंडून विचारतात. पण त्याआधीच त्यांनी उपाय सांगून ठेवला आहे आणि तो मला फार आवडतो. मन स्थिरावलं तर उत्तम, नाही तर मोकळं सोडून द्यावं. जिथे जाईल तिथून नियमच त्याला घेऊन येईल आणि अशानेच त्याला स्थिर राहण्याची सवय लागेल. मोकळं सोडा, असं खुद्द आळंदीच्या माउली म्हणताहेत. आपण मात्र कपाळाला आठ्या घालून मनाला दावणीला बांधायला बसतो.

आता करायचं काय? खुर्चीतच बसा, मांडी घालायचा हट्ट नको. गुडघे आपल्या सगळ्यांचेच बोलायला लागलेत. दोन्ही पावलं जमिनीला टेकवा. हात मांडीवर. पाठ ताठ, पण कवायतीसारखी नको. आता श्वास नेमका कुठे लागतो ते बघा. नाकपुडीच्या आतल्या कडेला, वरच्या ओठावर, की छातीत? आत येताना थोडा गार, बाहेर जाताना थोडा कोमट. उजव्या नाकपुडीतून जास्त वाहतोय की डाव्या? बदलायचं काही नाही, फक्त बघायचं. पंख्याचा आवाज येतोय, बाहेर कोणीतरी गाडी रिव्हर्स घेतोय, येऊ दे. मन गेलं की मनातल्या मनात एक शब्द म्हणायचा, ‘विचार’. राग असेल तर ‘राग’. आणि परत नाकपुडीशी. इथे एक धोका असतो. मन परत आणताना आपण स्वतःला झापतो, ‘साधं दोन मिनिटं जमत नाही!’ ते झापणंही एक विचारच. त्यालाही ‘विचार’ म्हणा आणि परत या.

जीव फारच कासावीस असेल, तर नुसतं बघणं जमत नाही. मग आधी श्वास सावकाश सोडा, घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून. याला शरीरशास्त्राचा आधार आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात आणि त्यामागे मुख्यतः व्हेगस नावाची मज्जातंतू असते. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. थोडा वेळ ते सहा-सातावर आणले तरी अंग सैल पडतं. पण श्वास कोंडून धरू नका. रक्तदाब, हृदयाचा त्रास असलेल्यांनी कुंभकाचे प्रयोग मनाने करायचे नाहीत.

रोज बसायला वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी पुण्याने सोय करून ठेवली आहे. सिग्नल! समोर आकडे उलटे मोजले जात असतात, मागचा हॉर्न वाजवतोय, झेब्रा क्रॉसिंगवर चार दुचाक्या चढलेल्या आहेत. डोळे उघडे ठेवून हँडलवरची पकड बघा. मूठ केवढी आवळलेली असते! ती सैल करा आणि हिरवा होईपर्यंत दोन-तीन श्वास बघा. मागच्याचा हॉर्न थांबणार नाही, तुम्ही मात्र त्याच्याकडे वळून बघणार नाही.

आता याचा औषध म्हणून उपयोग किती, तेही सांगायला हवं, कारण या विषयात थापा फार मारल्या जातात. रुग्णांसाठी या सरावाची पद्धतशीर बांधणी जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात केली, आठ आठवड्यांचा कार्यक्रम. त्याच्याही आधी, १९२४ मध्ये, स्वामी कुवलयानंदांनी इथे लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगाची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली, हे पुणेकरांनी विसरू नये. २०१४ मध्ये ध्यानावरच्या ४७ चाचण्यांचा, म्हणजे ३,५१५ रुग्णांचा एकत्र आढावा घेतला गेला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा ते मध्यम फरक पडतो, असं त्यात दिसलं. औषधं किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस ठरतं, असं काही दिसलं नाही. म्हणून टेकडीवर जाणाऱ्यांनी टेकडी सोडू नका आणि बीपीची गोळी तर नाहीच नाही.

आता प्रश्न घेऊ.

‘मी रोज जपाची माळ ओढतो. ते सोडून श्वास धरायचा का?’ मुळीच नाही. श्वास काय, नाम काय, मनाला परत यायला एक ठिकाण लागतं. तुमचं ठरलेलं आहे, तेच ठेवा. फक्त माळ पुढे सरकतेय आणि मन मंडईत कोथिंबिरीचा भाव करतंय, हे लक्षात आलं की मणी तिथेच थांबवा आणि नामाकडे या. माळ पूर्ण करण्याची घाई नको.

‘बसलं की झोप लागते.’ मग बहुतेक झोप अपुरी आहे. आधी ती पुरी करा. जेवण झाल्या झाल्या बसू नका, सकाळी अंघोळ झाल्यावर बसा, डोळे अर्धे उघडे ठेवा. तरी पेंग आली तर उठून गच्चीत दहा मिनिटं सावकाश चाला आणि तळव्यांना जमीन कशी लागते ते बघा. तेही ध्यानच.

‘माझा मुलगा हिंजवडीत आहे. रात्र रात्र झोपत नाही, मध्येच छातीत धडधडतं, घाम फुटतो. त्याला विपश्यनेला पाठवू का?’ ताई, आत्ता नको. आधी डॉक्टर. ईसीजी आणि थायरॉइड बघू दे, मग गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ. विपश्यनेविषयी मला आदर आहे. गोएंका गुरुजींनी ती १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात परत आणली, इगतपुरीसारखं केंद्र उभं राहिलं आणि आपल्याकडेही स्वारगेटजवळ दादावाडीत आणि आळंदीजवळ मरकळला सोय आहे. पण दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणं, तासन्‌तास बैठक, हे बऱ्या असलेल्या माणसालाही जड जातं. म्हणून त्यांच्या अर्जातच मानसिक आजाराविषयी विचारतात. तिथे काही लपवायचं नाही. तोवर रात्री फार घालमेल झाली तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. आणि तो फोन करायला तयार नसेल, तर आई म्हणून तुम्ही लावा.