किल्ल्या दिल्या, पण घर कोणाचं?

मंडळी, विषय आहे अमेरिकेतल्या विमेन्स कॉलेज बास्केटबॉलमध्ये जुने कोच निवृत्त झाले की टीम कोणाच्या हाती द्यायची. पण आधी पॅट समिटची गोष्ट सांगणार, ज्यांनी माझ्याकडून ऐकलीय त्यांनी डुलकी काढा.

१९७४, टेनेसी युनिव्हर्सिटी. २२ वर्षांची ही पोरगी शिकता शिकता असिस्टंटगिरी करायला आली आणि मुख्य कोच बाई अचानक रजेवर गेल्या. झालं, हीच हेड कोच! महिन्याला २५० डॉलर, व्हॅन हीच चालवणार, युनिफॉर्म घरी नेऊन हीच धुणार, आणि ते युनिफॉर्म तरी कुठले, आदल्या वर्षी डोनट विकून घेतलेले (आपल्याकडे वडापाव विकले असते). म्हणजे वारस ठरवायचं प्लॅनिंग शून्य, आणि निघालं काय तर ३८ सीझन, ८ नॅशनल टायटल, १०९८ विजय! आमच्या मंडळात दर वर्षी दोन कमिट्या बसतात तरी अध्यक्ष तेच. हसू नका, समोरच बसलेत.

२०११ मध्ये पॅटला अल्झायमरचं निदान झालं, २०१२ मध्ये टीम हॉली वॉर्लिककडे गेली. आधी पॅटचीच खेळाडू, मग १९८५ पासून तिचीच असिस्टंट. आता कोर्टचंच नाव 'द समिट', आणि हॉलीबाई रोज त्याच्यावर उभ्या! सासूने किल्ल्या दिल्या पण देव्हाऱ्यापासून पाटा-वरवंट्यापर्यंत सगळं सासूच्या नावावर. पहिल्या चार वर्षांत तीनदा शेवटच्या आठात नेली टीम, तरी २०१९ ला घरी पाठवलं.

म्हणून माझं लाडकं मत, वारस बारा गावचं पाणी प्यायलेला हवा. नोत्र दाम युनिव्हर्सिटीची नील आयव्ही तिथल्या जुन्या कोच मफेट मॅकग्रॉच्या हाताखाली वाढली, पण मध्ये एक वर्ष एनबीएच्या (पुरुषांची व्यावसायिक लीग) मेम्फिस ग्रिझलीज टीमकडे जाऊन आली आणि मग २०२० ला गादीवर बसली. (मागून एक ताई : केली हार्परचं काय?) हं, ताई अभ्यास करून आल्यात. केलीही पॅटचीच खेळाडू, तीन कॉलेजांत कोच होऊन टेनेसीत परतली, तिलाही २०२४ ला काढलं. मान्य, माझ्या मताला भोक पडलं.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं, म्हणून पटापट. पोरी कॉलेजपेक्षा कोच बघून येतात, त्यामुळे खुर्ची महिनाभर रिकामी राहिली की ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलायचंय म्हणून नाव नोंदवायची यादी) पळापळ. आयोवाने २०२४ मध्ये लिसा ब्लुडर निवृत्त आणि जॅन जेन्सन हेड कोच, दोन्ही एकाच दिवशी सांगून टाकलं. दुसरं, नव्या माणसाला किती वर्षं द्यायची ते आधीच कागदावर आणा. स्टॅनफर्डला १२१६ विजयांच्या टारा व्हॅनडरव्हीरनंतर केट पे आली, त्याच वर्षी कॉन्फरन्सही (ज्या कॉलेजांच्या गटात खेळायचं तो गट) बदलली, आणि १९८७ नंतर पहिल्यांदा टीम एनसीएए स्पर्धेला, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेला मुकली. याचा हिशोब तिच्या एकटीच्या खात्यावर मांडायचा का?

आणि कनेक्टिकटचा जीनो ऑरिएमा राहिलाच, १९८५ पासून आहे, १२ टायटल, सोबत त्याची असिस्टंट क्रिस डेलीही तेव्हापासून, म्हणजे वारस पण तेवढाच जुना... हो हो, माइक देतो.