पेपर सुटल्यानंतरचे गणित

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाचा गणिताचा पेपर सुटला, की नाशिकच्या कॉलेज रोडवरील चहाच्या टपऱ्यांपाशी जी गर्दी जमते, तिच्या हातात प्रश्नपत्रिकेची घडी आणि तोंडी एकच प्रश्न असतो: “तुझे काय आले?” यांत शहरातली मुले आहेत, तशीच दिंडोरी, निफाड आणि सिन्नर येथून सकाळच्या एसटीने आलेलीही आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे येतात. स्वायत्त नसलेल्या महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाची प्रश्नपत्रिका विद्यापीठाचीच असते, त्यामुळे संगमनेरच्या मित्राचा फोनही या चर्चेत येऊन मिसळतो. अधिकृत उत्तरे कोणाजवळ नसतात आणि निकालाला अवकाश असतो. म्हणून एखादे उत्तर बरोबर ठरवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे ते कारणासहित समोरच्याला पटवून देणे.

पेपर कसा गेला, याविषयी मात्र एकमत होत नाही. कोणी त्याला अवघड म्हणतो, कारण तो लांबलचक होता आणि शेवटची पुरवणी घेईपर्यंत घंटा झाली. कोणी म्हणतो, कारण ऑप्शनला टाकलेल्या प्रकरणावरच प्रश्न आला. या दोन्ही अडचणी खऱ्या आहेत, पण त्या वेळेच्या आणि तयारीच्या आहेत. रिअल ॲनालिसिसच्या पेपरात जो प्रश्न गणित म्हणून खरोखर अवघड होता, तो सोडवताना बहुतेकांना सोपा वाटला होता.

एक्स, एक्सचा वर्ग, एक्सचा घन, अशी वाढत्या घातांची फंक्शन्स शून्य ते एक या इंटरव्हलवर घेतली, तर त्यांचे कन्व्हर्जन्स, म्हणजे घात वाढत जाताना किमतींचे एका ठरावीक लिमिटकडे जाणे, युनिफॉर्म, म्हणजे पूर्ण इंटरव्हलवर एकाच वेळी होणारे, आहे का, असा तो प्रश्न होता. वर्गात हे उदाहरण एक हा टोकाचा बिंदू धरून शिकवले जाते. तेथे लिमिट एकच्या अलीकडे सर्वत्र शून्य असते आणि एकपाशी एकदम एक होते. मूळची सर्व फंक्शन्स संतत, म्हणजे कोठेही न तुटणारी, असूनही लिमिट तुटते, म्हणून कन्व्हर्जन्स युनिफॉर्म नाही, एवढे लिहिले की उत्तर पूर्ण होते. या प्रश्नपत्रिकेत मात्र शेवटचा कंस चौकोनी नसून गोल होता, म्हणजे एक हा बिंदू इंटरव्हलच्या बाहेर होता. ज्यांनी कंस पाहिला नाही त्यांनी पाठ केलेले उत्तर लिहिले. ज्यांनी पाहिला, त्यांतील काहींनी लिहिले की आता लिमिट सर्वत्र शून्य, म्हणजे संतत आहे, म्हणून कन्व्हर्जन्स युनिफॉर्म आहे.

येथे एका विद्यार्थिनीने घेतलेली हरकत महत्त्वाची आहे. कन्व्हर्जन्स युनिफॉर्म असेल तर लिमिट संतत असते, एवढेच थिअरम सांगते. लिमिट संतत आहे म्हणून कन्व्हर्जन्स युनिफॉर्म आहे, असे ते कोठेही म्हणत नाही. मग तिने प्रश्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दाखवले, की घात कितीही मोठा घेतला तरी अर्ध्याचे तेवढ्याच घाताचे मूळ एकपेक्षा लहान राहते आणि त्या बिंदूपाशी फंक्शनची किंमत नेमकी अर्धी येते. शून्यापासूनचे हे अंतर पूर्ण इंटरव्हलवर एकाच वेळी कमी होत नाही. उत्तर पूर्वीचेच, “युनिफॉर्म नाही”, पण कारण पूर्णपणे वेगळे. आणि गणिताच्या पेपरात गुण पायऱ्यांना असतात.

डिफरन्शियल इक्वेशन्सच्या पेपरनंतरचा वाद मात्र लवकर मिटला. एकाने उत्तर ई या संख्येच्या एक्स आणि उणे एक्स या घातांत लिहिले होते, दुसऱ्याने कॉश आणि साइन्शमध्ये, आणि दोघांनाही आपले गुण गेले असे वाटत होते. कॉश ही त्या दोन घातांची निम्मी बेरीज आणि साइन्श ही निम्मी वजाबाकी, हे आठवताच दोन्ही उत्तरे एकच ठरली. फरक होता तो फक्त स्थिरांकांच्या नावांत.

कोणाच्या अधिकारावर न विसंबता स्वतः पडताळून पाहण्याच्या या सवयीला नाशिकच्या परिसरात मोठा वारसा आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९३० ते १९६२ या काळात देवळालीच्या शाळेत शिकवले. त्यांच्याजवळ गणिताची पदव्युत्तर पदवी नव्हती. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि हीच कृती (उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य धरून) पुन्हा पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते. हा निष्कर्ष त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला, आणि तो आजही कोणीही कागद-पेन्सिलीने तपासू शकतो.

झालेल्या पेपरवर बोलू नका, पुढच्याची तयारी करा, असे शिक्षक आणि पालक काळजीपोटी सांगतात. दुसऱ्याच दिवशी पेपर असलेल्या, आधीच घाबरलेल्या मुलासाठी तो सल्ला योग्यही असेल. परंतु गणितापुरता तो सरसकट देऊ नये, असे आम्हाला ठामपणे वाटते, कारण तीन तास एकट्याने लिहिलेल्या युक्तिवादाला पहिला चिकित्सक श्रोता येथेच मिळतो.

ग्रुप थिअरीच्या पेपरनंतर हेच दिसले. चार वस्तूंच्या सम क्रमपर्यायांचा, म्हणजे दोन-दोन वस्तूंच्या सम संख्येच्या अदलाबदलींनी मिळणाऱ्या मांडण्यांचा, बारा घटकांचा ग्रुप दिलेला होता आणि त्याला सहा घटकांचा सबग्रुप, म्हणजे त्याच क्रियेने स्वतःही ग्रुप असणारा भाग, आहे का, असे विचारले होते. बाराला सहाने भाग जातो, म्हणून लॅग्रांजच्या थिअरमचा (सबग्रुपच्या घटकसंख्येने ग्रुपच्या घटकसंख्येला भाग जातो, एवढेच ते सांगते) आधार घेऊन अनेकांनी “आहे” असे लिहिले. तसा सबग्रुप असता, तर त्याचा इंडेक्स, म्हणजे ग्रुपच्या घटकसंख्येला त्याच्या घटकसंख्येने भागून येणारी संख्या, दोन असता आणि ग्रुपमधील प्रत्येक घटकाचा वर्ग त्यात येणे भाग पडले असते. तीन लांबीची प्रत्येक सायकल, म्हणजे तीन वस्तूंची चक्राकार अदलाबदल, कोणत्या ना कोणत्या घटकाचा वर्ग असते, आणि अशा सायकली आठ आहेत; त्या सहा घटकांत मावणार कशा? “आहे” असे लिहिलेल्या मुलाने हे लगेच स्वीकारले नाही. त्याने एक, दोन, तीन ही सायकल घेतली, तिचा वर्ग केला, त्या वर्गाचा पुन्हा वर्ग केला, मूळ सायकल परत आली हे स्वतः पाहिले, आणि मगच आपले उत्तर चुकल्याचे मान्य केले.