चाकाचा बोल्ट का तुटतो, नवा कसा बसवायचा

जालना-परभणीकडची काळी माती पावसाळ्यात चाकाला चिकटते, तशी ती रिमच्या मागेही जाऊन बसते. पंक्चर काढून रिम तशीच चढवली, तर चिखलाचा थर दाबला जातो आणि नट घट्ट बसल्यासारखा वाटतो. दोन दिवसांत चिखल वाळून त्याचा भुगा होतो. नट सैल पडतो, रिम हलायला लागते आणि बोल्टाचे आटे खाऊन टाकते.

दुसरं कारण आपलंच वजन. 70 किलोचा माणूस फूटभर पान्याच्या टोकावर उभा राहिला, की नटावर 200 न्यूटन-मीटरच्या वर जोर पडतो. 12 मिलिमीटरच्या बोल्टाला बहुतेक गाड्यांत 80 ते 110 पुरतो. जास्त ताणलेला बोल्ट लगेच तुटत नाही. तुटतो पुढच्या पंक्चरला, भर रस्त्यात.

मारुती 800 चा बोल्ट 12 मिलिमीटरचा, पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.25. पण एवढं जुळून भागत नाही. डोक्याखालचा दातेरी भाग व्हर्नियरने मोजा. तो बारीक निघाला, तर बोल्ट हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, नुसता फिरेल. मग कोणीतरी वेल्डिंग सुचवतं. ते नकोच, त्या आचेने बोल्टाचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कणखरपणा, उतरतं.

गाडी सपाटीवर घ्या, उरलेल्या चाकांना दगड लावा, जॅकखेरीज स्टँडही द्या. ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क काढा. कॅलिपर, म्हणजे डिस्क दाबणारा भाग, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. जुना बोल्ट घणाने ठोकून काढायची सवय सगळीकडे आहे. पण हब गाडीवरच असेल, तर तो घाव बेअरिंगवर बसतो आणि महिनाभरात चाक घोंघावू लागतं. क्लँपने किंवा प्रेसने दाबून काढलेला बरा.

नवा बोल्ट मागून घाला. पुढून तीन-चार जाड वॉशर, त्यांच्यामध्ये थोडं ग्रीस, आणि जुना नट उलटा, म्हणजे सपाट बाजू आत. हातपान्याने हळूहळू ओढा, हवेची गन लावू नका. बोल्टाचं डोकं मागे सगळीकडून टेकलं की थांबा. शेजारशेजारचे दोन बोल्ट तुटले असतील, तर त्या चाकाचे सगळेच बदला. उरलेल्यांनीही तो भार सोसलेला असतो.

रिम आणि हबची बैठक तारेच्या ब्रशने घासा. आट्यांना तेल नको, त्याने नट प्रमाणाबाहेर आवळला जातो. निमुळती बाजू रिमकडे ठेवून नट आधी हाताने फिरवा, मग समोरासमोरचे आवळा. शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकवून, जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच. 50 ते 100 किलोमीटर गाडी चालली, की तोच पाना पुन्हा एकदा फिरवा.