चादरीचा रंग आणि पाण्याची गाळणी

(दृश्य : रंगाच्या कुंडातून वर येणाऱ्या सुताच्या लडी)

सोलापुरी चादरीवरची नक्षी छापत नाहीत, विणतात. त्यामुळे सूत मागावर चढण्याआधीच रंगवावं लागतं. रिअॅक्टिव्ह (सुताशी रासायनिक बंध जोडणारा) रंग सुताला धरावा म्हणून कुंडात भरपूर मीठ पडतं. तरी बराच रंग पाण्यातच राहतो आणि लडी धुतल्या की मिठासकट सांडपाण्यात जातो.

यातले पुष्कळ रंग अझो जातीचे, म्हणजे नायट्रोजनच्या जोडबंधावर उभे. धुण्यात विटू नयेत म्हणूनच घडवलेले. मग सांडपाणी शुद्ध करणाऱ्या, हवा भरलेल्या टाकीतल्या जिवाणूंना ते सहजी कसे तुटणार?

(दृश्य : प्रयोगशाळा, काचेवर पसरणारं पांढरं द्रावण)

यावर एक उपाय म्हणजे खास गाळणी. पीव्हीडीएफ हे प्लास्टिक विरघळवायचं, त्यात टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण मिसळायचे, काचेवर धिरड्यासारखं पातळ पसरायचं आणि काच पाण्यात बुडवायची. द्रावक निघून जातो, मागे सच्छिद्र पटल उरतं. हेच हायब्रिड मेम्ब्रेन, म्हणजे प्लास्टिक आणि कण यांचं मिश्र पटल.

नुसतं पीव्हीडीएफ पाण्याला फटकून वागतं. सेंद्रिय घाण त्यावर चिकटते, छिद्रं बुजतात. कणांमुळे पटल पाण्याला धरून राहतं आणि घाण कमी बसते. वर अतिनील प्रकाश पडला की हेच कण रंगाचे रेणू तोडू लागतात. टायटॅनियम डायऑक्साइडची प्रकाशातली करामत, तेव्हा पाण्याचे रेणू तोडण्याची, फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी १९७२ साली जगापुढे आणली.

सोलापूरला उन्हाची काय कमी! पण त्यात अतिनील भाग जेमतेम ५ टक्के, आणि गडद पाणी तोही वरच्यावर गिळतं. दिवे लावावेत तर विजेचं बिल. कण जास्त घातले तर त्यांच्या गुठळ्या होतात. नीट बसले नाहीत तर पाण्याबरोबर सुटतात.

(दृश्य : उजनीचा जलाशय, मग शहरातला कोरडा नळ)

आमच्या मते इथे रंग तोडण्याइतकंच मीठ वाचवणंही मोलाचं. नॅनोफिल्ट्रेशन या दुसऱ्या जातीच्या पटलाची बारीक छिद्रं रंग अडवतात, पण साधं मीठ बरंचसं सोडतात. गाळलेलं खारं पाणी पुन्हा कुंडात घेता येतं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ही बचत लहान नाही. साध्या मिठाऐवजी ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) वापरलं असेल तर मात्र जमत नाही. तेही पटलापाशीच अडतं.

आणि अडवलेला घट्ट रंग? तो आटवून वाळवायचा की ओझोनने तोडायचा, हा हिशेब प्रत्येक डाय हाउसला (रंगकाम करणाऱ्या कारखान्याला) आपापला मांडावा लागेल.